एका रनचा लॉग स्वच्छ, म्हणून गळती नाही असं होत नाही

मिरजेच्या पॅथॉलॉजी लॅबच्या प्रोजेक्टबद्दल तुम्ही लिहिलंय की लॉगिन, परवानग्या चोख आहेत, दहा हजार ओळींचा लॉग (प्रोग्रामनं काय केलं त्याची नोंद) तपासला, तरी गाइड विचारतात, 'गुप्त माहितीची गळती नाही हे सिद्ध कुठं झालं?' याच जागी माझे आठ महिने गेलेत.

गाइडचं बरोबर आहे. गॉग्वेन आणि मेसेगर या संगणकशास्त्रज्ञांची 1982 ची नॉनइंटरफिअरन्सची व्याख्या बघा: गुप्त इनपुट बदललं तरी बाहेरच्याला दिसणारं आउटपुट बदलता कामा नये. 'बदललं तरी' म्हटलं की तुलना आली, आणि तुलनेला दोन रन लागतात, म्हणजे प्रोग्राम दोनदा चालवावा लागतो. एकट्या लॉगमध्ये, तो कितीही लांब असो, दुसरी बाजू नसतेच.

माझं काम होतं सांगलीतल्या हळदीच्या सौद्यासाठी बंद बोलीचं सॉफ्टवेअर. बोलीचा आकडा स्क्रीनवर कुठंच नव्हता. पण डेटाबेसमधून माहिती काढणारी क्वेरी लॉटची यादी उतरत्या बोलीनं लावायची, आणि तीच यादी सगळ्या व्यापाऱ्यांना दिसायची. एका लॉटची बोली 9,200 ची 14,000 केली, बाकी काही हलवलं नाही, तर तो तिसऱ्या ओळीवरून पहिल्या ओळीवर. दोन प्रिंटआउट शेजारी ठेवल्यावर हे दिसलं. तोवर कधी ठेवल्याच नव्हत्या.

मंजुरीची फाइल जिथं होती त्या कार्यालयानं दरवेळी 'टेस्ट रिपोर्ट जोडा' एवढंच सांगितलं. कशाचा, ते कुणी सांगेना. पाच हेलपाटे घातले आणि मी आणखी लॉग गोळा करत राहिलो. त्याचा राग अजून जात नाही.

माझ्या मते प्रोग्रामची दुसरी प्रत घ्या, उघड इनपुट तेच ठेवा, गुप्त तेवढं बदला आणि शेवटी दिसणारं ताडून बघा. फरक निघाला तर गळती पक्की. नाही निघाला तर सिद्धता झाली असं मात्र नाही, त्याला प्रूव्हर (गणिती सिद्धता तपासणारं सॉफ्टवेअर) किंवा टाइप सिस्टीम (गुप्त माहिती उघड जागी जाऊ न देणारे भाषेचे नियम) लागेल. शिवाय काही माहिती मुद्दाम उघड करावीच लागते. माझ्याकडे विजेती बोली, तुमच्याकडे रुग्णाचा स्वतःचा रिपोर्ट. कडक व्याख्या तिथं मोडणारच, म्हणून काय, कुणाला आणि कधी उघड करायचं ते आधीच लिहून ठेवा. वेळेवरून होणारी गळती, म्हणजे प्रोग्रामला किती वेळ लागला यावरून गुप्त गोष्ट ओळखता येणं, यात धरलेली नाही.

तुमचा कोड मी पाहिलेला नाही, पण आधी बिलाची स्क्रीन तपासा. चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर खात्रीची दुसरी चाचणी बिलात आपोआप चढत असेल, तर काउंटरवरच्या माणसाला रिपोर्ट न उघडताच निकाल कळतो.