उंची कमी असलेला पोरगा फुटबॉलमध्ये प्रोफेशनल लेव्हलला टिकतो का?
टिकतो की! मेस्सी जेमतेम ५ फूट ७ इंच, लहानपणी ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागलेली, आणि २००९ च्या चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) फायनलला याच पठ्ठ्याने मँचेस्टर युनायटेडवर चक्क हेडरने, म्हणजे डोक्याने गोल मारला, कारण डिफेंडर्सच्या मधल्या गॅपमध्ये बरोब्बर टायमिंगला घुसला. बुटक्यांना पटकन वळता येतं वगैरे ठीके, पण मला जास्त भारी वाटतो इटलीचा कॅनाव्हारो, सेंटर बॅक (मधला डिफेंडर, जिथे सहसा उंच माणूस लागतो) असून ५ फूट ९ इंचाच्या आसपास, तरी २००६ चा वर्ल्ड कप कॅप्टन म्हणून उचलला आणि त्याच वर्षी बॅलन डिऑर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलरचा पुरस्कार) पण घेतला. गोलकीपर व्हायचं असेल तर मात्र अवघडे बाबा, गोलचा वरचा बार ८ फुटांवर असतो, नुसती उडी किती पुरणार.