उत्तर: गाईडने हिप हॉपवरचा विषय ‘अश्लील’ म्हणून परत केलाय, काय करू?

तुमच्या संशोधनाच्या सारांशावर ‘विषय अश्लील, बदला’ असा शेरा आलाय हे वाचून माझी जुनी फाईल आठवली. बदलू नका. हिप हॉपच्या, म्हणजे रॅप गाण्यांच्या व्हिडिओंत बायका कशा दिसतात, हाच विषय मी समाजशास्त्रात केला. (संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, तेव्हा बीटबद्दल दुसऱ्या कुणाला विचारा.)

फक्त एवढंच, स्त्री रॅपरांची उतरती भाजणी लावू नका: आधी क्वीन लतीफा, मग अधोगती, शेवटी निकी मिनाज. सनावळी तसं सांगत नाही. १९९३ सालीच लतीफा ‘युनिटी’ या गाण्यात बाईला शिवी देणाऱ्याला जाब विचारते आणि त्याच साली ‘शूप’मध्ये सॉल्ट-एन-पेपा गटातल्या बायका पुरुषांना खुशाल न्याहाळतात. १९९७ मध्ये रॅपर मिसी एलियटला तिच्याच गाण्याच्या व्हिडिओत फुगवलेल्या काळ्या पोशाखात उभी करणारा दिग्दर्शक हाइप विल्यम्स. २००० च्या ‘बिग पिंपिन’ या जे-झी नावाच्या पुरुष रॅपरच्या व्हिडिओत बोटीवर बिकिनीतल्या बायकांची गर्दी करणाराही तोच. गाणं कुणाचं आणि शब्द कुणाचा चालतो, ते बघा.

माझं खरं नुकसान केलं एका कार्यालयाने. नाव लिहीत नाही, तिथून अजून एक दाखला यायचाय. संगणक कक्षात व्हिडिओची साइट बंद. उघडून द्या म्हटलं तर ‘आक्षेपार्ह दृश्यांची यादी जोडा’. अहो, बघितल्याशिवाय यादी करू कशी? विभागप्रमुखांची सही आणली, तर म्हणे जावक क्रमांक नाही. सत्र त्यातच गेलं. मग मावसभावाकडे बसून व्हिडिओ बघितले, तर बरेचसे कात्री लावलेले.

आणि नेली या रॅपरच्या ‘टिप ड्रिल’ व्हिडिओचं मर्मच त्या कापलेल्या भागात आहे. बीईटी ही अमेरिकी वाहिनी तो मध्यरात्रीनंतरच्या ‘अनकट’ (म्हणजे न कापलेले) या कार्यक्रमात दाखवायची. २००४ मध्ये अटलांटातल्या स्पेलमन या कृष्णवर्णीय मुलींच्या कॉलेजात नेलीची संस्था अस्थिमज्जा-दात्यांची नोंदणी करणार होती. त्याची बहीण आजारी होती. मुली म्हणाल्या, या, पण व्हिडिओत बाईच्या नितंबांमधून क्रेडिट कार्ड फिरवलंत त्यावर आमच्याशी बोला. संस्थेने माघार घेतली, कार्यक्रम रद्द झाला. गाईडना हे प्रकरण दाखवा. माझ्या मते मुलींचा राग उघड्या अंगापेक्षा त्या कार्डावर जास्त होता. हे माझं मत, तुमचे गाईड मानतीलच असं नाही.

ट्रिशिया रोझ यांच्या ‘ब्लॅक नॉइज’मधलं (१९९४) स्त्री रॅपरांवरचं प्रकरण आधी वाचा. आणि प्रत्येक व्हिडिओपुढे वाहिनी, वेळ, आवृत्ती लिहून ठेवा. बहिःस्थ परीक्षक तेच विचारतात. निदान माझ्या परीक्षकांनी तरी विचारलं.