‘आमचा’ प्रोजेक्ट नेमका कोणाचा?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी त्याला एका तयार सर्किट बोर्डाभोवती बॉक्स बनवायचाय आणि त्याकरता बोर्डाची मेकॅनिकल ड्रॉइंग्ज व डिझाइन फाइल्स हव्यात. ‘सगळ्या फाइल्स पाठवा’ असे तीन मेल तुम्ही स्वतः कंपनीला केलेत, उत्तर नाही. तेव्हा आता तुम्ही विचारताय, ‘साधी ड्रॉइंग्जसुद्धा मिळत नसतील तर त्याला सॉफ्टवेअरकडे वळवू का?’

फाइल्सचं नंतर बघू. मी अडलो तो तुमच्या एका शब्दावर. ‘आमचा प्रोजेक्ट’, ‘आमची व्हायव्हा’, ‘आम्हाला मागच्या सेमिस्टरला 62 टक्के’. अहो, पेपरला तुम्हीही बसला होतात का? दोन पानी पत्रात मुलाचं एकही वाक्य नाही. त्याला हा विषय आवडतो की नाही, बोर्ड त्याने निवडला की तुम्ही, उत्तराची वाट बघण्याच्या दिवसांत तो काय करत होता, काहीच कळत नाही. तुम्ही मनापासून धावपळ करताय हे दिसतं. पण कंपनीला मेल करणं हे त्या प्रोजेक्टमधलं शिकण्यासारखं काम होतं आणि तेच तुम्ही त्याच्या हातातून काढून घेतलंत. नोकरीत पहिल्याच महिन्यात त्याला अनोळखी माणसाकडे नेमकी माहिती मागावी लागेल. तिथे बाबांचा मेल चालणार नाही.

दुसरी गोष्ट, मेकॅनिकल ड्रॉइंग आणि डिझाइन फाइल हे तुम्ही एकच धरून चालला आहात. तसं नाही. मेकॅनिकल ड्रॉइंगमध्ये बोर्डाची बाह्यरेषा, स्क्रूची भोकं, कनेक्टर कुठे आहेत, फार तर कुठला भाग किती उंच, एवढंच असतं. बॉक्स बनवणाऱ्याला तेवढंच लागतं आणि लोकांनी आपला बोर्ड वापरावा म्हणून बहुतेक कंपन्या ते खुशीने देतात. डिझाइन फाइल म्हणजे सर्किटची आकृती आणि तांब्याच्या रेषांची मूळ मांडणी. ती द्यायची की नाही हा कंपनीचा प्रश्न. रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाचं उदाहरण घ्या. 85 बाय 56 मिलिमीटरचा बोर्ड, भोकांमधलं अंतर 58 बाय 49, हे ड्रॉइंग कोणालाही उतरवून घेता येतं. मूळ लेआउट मात्र त्यांनी खुला केलेला नाही, सर्किटची आकृतीसुद्धा अर्धीमुर्धीच दिली आहे. उलट आर्डुइनो उनो किंवा बीगलबोन ब्लॅक या बोर्डांच्या डिझाइन फाइल्स खुल्या आहेत. आणि गर्बर मिळाली म्हणजे डिझाइन मिळालं, असंही कोणी सांगेल. गर्बर फाइल्स म्हणजे एकेका थराचं चित्र. त्यांवरून कारखाना बोर्ड छापून देतो, पण तुम्हाला त्यात धड बदल करता येत नाही. बॉक्ससाठी मुलाला यातलं काहीच नको होतं. सगळंच मागितल्यामुळे बहुधा काहीच आलं नाही.

ड्रॉइंग नाहीच मिळालं तर? व्हर्नियर कॅलिपर घ्यायचा आणि मोजायचं. बोर्डाची जाडी सहसा 1.6 मिलिमीटर, पिनांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी 2.54. ‘बहुतेक’ म्हणतोय, कारण आर्डुइनो उनोवर 7 आणि 8 क्रमांकाच्या पिनांमध्ये ते 4.06 आहे. मूळ मांडणीतली ती चूक त्यावर बसणाऱ्या जगभरच्या जोड-बोर्डांनी इमानेइतबारे पाळली आहे. म्हणून अंदाज चालत नाही. बाह्यरेषा आणि भोकं कीकॅडमध्ये काढावीत (बोर्ड आखायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे), मूळ मापात कागदावर छापावीत आणि बोर्ड त्यावर ठेवून बघावा. भोकं जुळली की निम्मं काम झालं. आवृत्तीही तपासायला हवी. रास्पबेरी पाय 3 आणि 4 यांचा आकार आणि भोकं तीच, पण 4 मध्ये इथरनेट आणि यूएसबीच्या जागांची अदलाबदल झाली. त्यामुळे 3 चा बॉक्स 4 ला बसत नाही. कंपनीला लिहिताना बोर्डाचं पूर्ण नाव, त्यावर छापलेला आवृत्ती क्रमांक आणि ‘बॉक्ससाठी बाह्यरेषेची डीएक्सएफ किंवा स्टेप फाइल हवी’ एवढं वाक्य पुरे (डीएक्सएफ म्हणजे सपाट रेखाचित्र, स्टेप म्हणजे त्रिमितीय आकृती). तीन ओळींच्या मेलला उत्तर यायची शक्यता जास्त.

‘मेकॅनिकल ड्रॉइंग हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं काम नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. कोणी सांगितलं? बोर्ड आखणाऱ्याला बॉक्सवाल्याशी रोज बोलावं लागतं, स्टेप फाइल्स इकडून तिकडे जात असतात. ज्याला दोन्ही बाजू कळतात तो दोघांनाही हवा असतो.

सॉफ्टवेअरकडे वळवण्याबद्दल माझं उत्तर ‘नको’ असं आहे, निदान आज तरी नको. त्याला मुळातच कोड लिहायला आवडत असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं पत्रात नाही. तीन मेल अनुत्तरित राहिले म्हणून क्षेत्र बदलायचं ठरवलं, तर तिकडेही पहिल्या अनुत्तरित मेलला तुम्ही हेच विचाराल.

पुढचं पत्र मुलाने लिहावं, तुमच्या नजरेखालून न जाता. मला त्याच्याकडून एवढंच हवंय: त्याच्या बोर्डवर सगळ्यात उंच भाग कुठला, आणि त्याने मोजला तेव्हा तो किती मिलिमीटर भरला?