जुनी पीएलसी-स्काडा यंत्रणा बदलताना काम नेमकं कुठे अडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत गोळ्यांचा औषध कारखाना आहे. ग्रॅन्युलेशन आणि कोटिंगच्या यंत्रांवर सीमेन्सची एस७-३०० पीएलसी (यंत्र चालवणारा नियंत्रक), वर विंडोज ७ च्या पीसीवर विनसीसी (सीमेन्सचं स्काडा, म्हणजे यंत्रं स्क्रीनवर दाखवून नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर). गेल्या चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत पीसी आणि पीएलसी एकदम बदलायला घेतले, अर्धे टॅग (पीएलसीतून स्क्रीनवर येणारी मूल्यं) आलेच नाहीत, क्यूएच्या (गुणवत्ता विभागाच्या) खोलीतला रिपोर्टचा पीसी कोरा राहिला आणि शेवटी जुनंच परत बसवावं लागलं. यंदा ते अडथळे कसे पार करायचे?

सगळ्यात आधी हे ठरवा की दोन्ही गोष्टी एकाच शटडाऊनमध्ये बदलायच्या नाहीत. टॅग आला नाही, तर दोष कार्डाचा आहे, पत्त्याचा आहे, की नव्या सीपीयूने (पीएलसीच्या मुख्य मॉड्यूलने) दार बंद ठेवलंय, हे दोन्ही टोकं नवी असताना रात्री दोन वाजता कुणालाच सांगता येत नाही. आधी फक्त पीसी बदला. जुन्या पीएलसीवर तो महिना-दोन महिने चालू द्या, मगच पीएलसीला हात लावा. क्रम हाच, कारण विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट देणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं आणि इतक्या जुन्या हार्ड डिस्कचा भरवसा धरता येत नाही. एस७-३०० सुद्धा ऑक्टोबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बंद होतेय, पण सुटे भाग अजून काही वर्षं मिळणार आहेत. तिथे घाई नाही.

पीसीचं काम परवान्यांपासून सुरू करा. सीमेन्सच्या परवान्याची की हार्ड डिस्कवरच बसलेली असते. डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घेऊन दुसऱ्या डिस्कवर उतरवली की ती की बाद होऊ शकते, आणि डिस्क फॉरमॅट केली तर गेलीच. म्हणून आधी ऑटोमेशन लायसन्स मॅनेजरमधून सगळ्या की पेन ड्राइव्हवर हलवा, मग इमेज घ्या, मग की परत आत. इमेज कपाटात ठेवून मोकळे होऊ नका. ती वेगळ्या डिस्कवर उतरवून, जुन्या पीसीला ती डिस्क लावून, प्रोजेक्ट डेमो मोडमध्ये का होईना उघडतो का हे बघा. याला किती वेळ लागला तो लिहून ठेवा, पुढे तो आकडा लागणार आहे.

जुन्या पीसीत एमपीआय किंवा प्रोफिबससाठी (पीएलसीशी जोडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या नेटवर्कसाठी) सीपी ५६११ कार्ड असेल, तर ते ६४-बिट विंडोजवर चालणार नाही. नव्या पीसीत स्लॉट कोणता आहे ते बघून सीपी ५६१२ किंवा सीपी ५६२२ घ्या. पीएलसीच्या रॅकमध्ये सीपी ३४३-१ हे इथरनेटचं कार्ड आधीच असेल तर सरळ इथरनेटवर या, पण त्या कार्डावर एका वेळी किती जोडण्या चालतात ते तपासा. जुना पीसी, नवा पीसी, एचएमआय (यंत्रावरचा स्क्रीन) आणि इंजिनिअरचा लॅपटॉप असे चौघे एकदम आले की शेवटच्याला जागा मिळत नाही, आणि लोक केबल बदलत बसतात.

विंडोज १० ची नेहमीची आवृत्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तुमच्या विनसीसीच्या सुसंगतीच्या यादीत असेल तर विंडोज १० आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ घ्यावी असं माझं मत आहे. तिला जानेवारी २०३२ पर्यंत अपडेट मिळतात. यादी आधी, खरेदी नंतर. पीसीचं नाव विनसीसी टाकण्याआधीच पक्कं करा. नंतर नाव बदललं की आतला एसक्यूएल सर्व्हर आणि प्रोजेक्ट दोन्ही रुसतात. जुनंच नाव आणि जुनाच आयपी ठेवणार असाल तर चाचणी वेगळ्या स्विचवर घ्या, नाहीतर दोघे नेटवर्कवर भांडतील. जुन्या पीसीत तारीख दिवस-महिना अशी होती की महिना-दिवस अशी, तेही बघून घ्या. रिपोर्टच्या स्क्रिप्ट त्यावर अवलंबून असतात, आणि ही चूक महिन्याच्या १२ तारखेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. स्लीप आणि यूएसबीची वीजबचत बंद करा, अँटिव्हायरसला प्रोजेक्ट व डेटाबेसचे फोल्डर वगळायला सांगा, आपोआप रिस्टार्ट होणारे अपडेट थांबवा.

क्यूएचा कोरा पीसी. तो जुन्या ओपीसी डीएवरून (सॉफ्टवेअरमधल्या डेटा देवाणघेवाणीच्या जुन्या पद्धतीने) डेटा घेत असेल, तर कारण जवळजवळ नक्की डीकॉम (ओपीसी डीए ज्याच्यावर चालतो तो विंडोजमधला दोन पीसींमधला दुवा) आहे. मायक्रोसॉफ्टने डीकॉमची सुरक्षा २०२१ पासून टप्प्याटप्प्याने कडक केली आणि १४ मार्च २०२३ च्या अपडेटनंतर ती बंद करण्याची सोयच काढून टाकली. एक पीसी नवा अपडेट घेतलेला आणि दुसरा जुना असला की जोडणी नाकारली जाते. नव्या पीसीच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग उघडून इव्हेंट १००३६ शोधा. दिसला तर फायरवॉलमध्ये वेळ घालवू नका. तात्पुरता उपाय म्हणजे ओपीसी सर्व्हर आणि त्याचा क्लायंट एकाच पीसीवर ठेवणं किंवा मधे टनेलर (डीकॉम टाळून डेटा पलीकडे नेणारं सॉफ्टवेअर) बसवणं. कायमचा उपाय ओपीसी यूए, ही डीकॉम न लागणारी नवी पद्धत. त्यात सर्व्हरचं पोर्ट (सहसा ४८४०, विनसीसीत ४८६१) उघडं लागतं आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांचं सर्टिफिकेट विश्वासाच्या यादीत घ्यावं लागतं. दोन पीसींची घड्याळं जुळत नसतील तर चांगलं सर्टिफिकेटही नाकारलं जातं. कारखान्यात एक टाइम सर्व्हर ठेवा आणि सगळ्यांना त्याच्यावर लावा. बॅचच्या नोंदींसाठी तो तसाही हवाच.

आता पीएलसी. लॅपटॉपमधला प्रोग्राम आणि सीपीयूत चालणारा प्रोग्राम एकच आहे, असं धरून चालू नका. स्टेप ७ (एस७-३०० चं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) मध्ये ऑनलाइन-ऑफलाइन तुलना करा. फरक निघालाच तर सीपीयूतून अपलोड करा, पण अपलोडमध्ये सिम्बॉल आणि टिपा येत नाहीत, म्हणून जुना प्रोजेक्टही जपून ठेवा. सेटपॉइंट, पीआयडीचे (तापमान वगैरे स्थिर ठेवणाऱ्या नियंत्रणाचे) आकडे, रेसिपी हे सगळं डेटा ब्लॉकच्या (पीएलसीतल्या आकड्यांच्या साठ्याच्या) चालू मूल्यांत असतं. ऑफलाइन प्रतीत कमिशनिंगच्या दिवशीचे आकडे असतात, आणि तेच नव्या सीपीयूत गेले तर कोटिंग पॅनच्या हवेचं तापमान भलतंच लागेल. चालू मूल्यं काढून छापून घ्या आणि उत्पादन विभागाची सही घ्या. पॅनलमध्ये टाकलेले जंपर (बायपासच्या तारा) आणि फोर्स केलेले (सक्तीने चालू-बंद ठेवलेले) इनपुटही त्याच दिवशी नोंदवा. बायपास केलेला लिमिट स्विच नव्या प्रोग्रामात खरा होऊन उभा राहिला की लाइन सुरूच होत नाही.

टीआयए पोर्टल या नव्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये रूपांतर करताना हार्डवेअरसकट घ्यायचा आग्रह नको. एखादं जुनं मॉड्यूल त्याच्या कॅटलॉगमध्ये नसलं की सगळंच थांबतं. हार्डवेअरची खूण काढा, प्रोग्राम आणा, नवी पीएलसी एस७-१५०० नव्याने मांडा. फील्डमधले ईटी २००एम रॅक (यंत्राजवळ बसवलेले इनपुट-आउटपुटचे रॅक) लगेच बदलायची गरज नाही. प्रोफिबसचं पोर्ट असलेला सीपीयू १५१६-३ पीएन/डीपी घेतला तर वायरिंगला हात न लावता फक्त मेंदू बदलतो.

रूपांतर हिरवं दाखवलं तरी चार ठिकाणी वागणूक बदलते. पहिलं, एस७-३०० मध्ये डेटा ब्लॉक वीज गेल्यावरही टिकतात. १५०० मध्ये रिटेनची (मूल्य टिकवण्याची) खूण केली नाही तर बॅच काउंटर शून्यावर येतो. दुसरं, पत्त्याने वाचणाऱ्या जुन्या एचएमआयला आणि ड्रायव्हरला टॅग दिसण्यासाठी ब्लॉकचा, फक्त नावाने वाचू देणारा, ऑप्टिमाइझ्ड अॅक्सेस काढावा लागतो आणि सीपीयूच्या संरक्षणात पुट/गेटची (बाहेरून थेट वाचण्या-लिहिण्याची) परवानगी द्यावी लागते. गेल्या वर्षी तुमचे अर्धेच टॅग आले त्यामागे हे असू शकतं: मेमरी बिट दिसतात, डेटा ब्लॉक दिसत नाहीत. तिसरं, जुन्या सीपीयूचा स्कॅन (प्रोग्रामची एक फेरी) ३०-४० मिलिसेकंदांचा असेल तर नव्याचा दोन-तीनवर येतो. टायमर न वापरता स्कॅन मोजून वेळ धरलेली असेल तर ती वेळ दहापट आखडते, आणि एका स्कॅनची पल्स ड्राइव्हला दिसतच नाही. चौथं पीआयडी. एफबी ४१ हा जुना पीआयडी ब्लॉक १५०० मध्येही मिळतो, तोच ठेवा. पीआयडी कॉम्पॅक्ट या नव्या ब्लॉकवर नंतर जा, दोघांचे आकडे सरळ उचलून टाकता येत नाहीत. एफबी ४१ ज्या सायक्लिक ओबीमधून (ठरलेल्या अंतराने चालणाऱ्या ब्लॉकमधून) चालतो त्याची वेळ आणि ब्लॉकमधला सायकल हा आकडा एकच हवा. ओबी १०० मिलिसेकंदांवर आणि ब्लॉकमध्ये एक सेकंद राहिला तर इंटिग्रल दहापट वेगाने धावतो आणि तापमान डोलत राहतं.

शटडाऊन चवथीला ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. कामगार सुट्टीवर असतात हे खरं, पण त्याच दिवसांत पुणे-मुंबईचे सर्व्हिस इंजिनिअरही घरच्या गणपतीत असतात. पावसात घाटातून एखादं कार्ड वेळेवर येईल याची खात्री नाही, वीज वरचेवर जाते, आणि उघड्या पॅनलमध्ये दमट, खारी हवा शिरते. जुनं मॉड्यूल रॅकमधून एकदा उपटलं की गंजलेले संपर्क परत धरतीलच असं नाही. त्यामुळे प्रत्येक प्रकारचं एक कार्ड शिल्लक हवं. जानेवारी-फेब्रुवारीत उत्पादन विभागाकडून ४८ तास मागून घ्या. व्यवस्थापन चवथीवरच अडलं, तर तेव्हा फक्त पीसी बदला.

त्या ४८ तासांत परत फिरण्याची वेळ आधीच कागदावर घाला. जुनं परत बसवायला सहा तास लागतात असं मोजलं असेल, तर त्याच्या दुप्पट शेवटी राखून ठेवा. म्हणजे ३६ व्या तासाला आय/ओ (इनपुट-आउटपुट) तपासणी पुरी नसेल तर माघार, चर्चा नाही. तपासणीत प्रत्येक अॅनालॉग इनपुटला ४, १२ आणि २० मिलिअँपिअर देऊन स्क्रीनवरचा आकडा लिहा, प्रत्येक वाल्व्ह उघड-बंद करून माणसाने डोळ्यांनी बघा. इमर्जन्सी स्टॉप प्रत्यक्ष दाबून बघा, सिम्युलेशनवर भागवू नका. शेवटी औषधाऐवजी पाण्यावर बॅच चालू असताना मुख्य वीज तोडा. यूपीएसवर पीसी टिकतो का आणि वीज परतल्यावर यंत्र आपणहून सुरू तर होत नाही ना, हे तेव्हाच कळतं.

औषध कारखाना असल्याने क्यूएला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. चेंज कंट्रोल (बदलाची मंजुरी), जोखमीचं मूल्यांकन, आयक्यू-ओक्यू-पीक्यू (यंत्रणा नीट बसली, चालते आणि उत्पादनात टिकते याच्या तपासण्या) हे काम झाल्यावर लिहायला घेतलं तर यंत्र तयार असूनही बॅच सोडता येत नाही. वर सांगितलेली तुलना, छापलेली मूल्यं आणि आय/ओचे कागद हेच ओक्यूचे पुरावे होतात. जुन्या बॅचच्या नोंदी आणि ऑडिट ट्रेल (कुणी कधी काय बदललं याची नोंद) नव्या आवृत्तीत उघडतीलच असं नाही. जुन्या पीसीची इमेज व्हर्च्युअल मशीनमध्ये, नेटवर्कपासून तोडून, वाचण्यापुरती चालू ठेवा आणि ती उघडायची कृती एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) घाला. तपासनीस तीन वर्षांपूर्वीची बॅच मागेल तेव्हा ती तिथूनच दाखवावी लागेल.