मोहरी पेरण्याआधी एवढे करा

मुलुंडच्या आपल्या सोसायटीत जुन्या रंगगोदामाच्या जागेवर मोहरी लावून, म्हणजे तिच्या मुळांवाटे मातीतील जड धातू शोषून घेऊन, माती शुद्ध करण्याचा आपला विचार उत्तम आहे; मात्र बियाणे आणण्याआधी मातीची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या आणि त्यात सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) अवश्य मागा, कारण आम्लधर्मी मातीत कॅडमियम व जस्त मुळांना सहज मिळतात, तर चुनखडीयुक्त मातीत तेच धातू जखडून राहतात. शिसे त्याहून हट्टी: ते मातीला चिकटते आणि शोषले गेले तरी बहुतांशी मुळांतच अडकते, म्हणून रोप मुळासकट उपटावे.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की युरिया टाकणे. जस्त वा निकेल अति झाल्याने रोपाला लोह कमी पडले असण्याची शक्यता तेथे अधिक असते.
- भर पावसात पेरणे. ऑक्टोबर उजाडू द्या.
- उपटलेली रोपे खतखड्ड्यात टाकणे, म्हणजे धातू पुन्हा मातीतच. (पाला कितीही टवटवीत दिसो, त्याची भाजी करू नये.)

एका हंगामात माती स्वच्छ होत नाही, वर्षे लागतात. जुन्या भिंतींच्या चुन्यात उगवणारे टेरिस विटाटा हे नेचे आर्सेनिक पाल्यात साठवते, हे २००१ साली प्रसिद्ध झाले. परंतु ते नेचे लावून पाहण्याचा प्रयोग आपण पुढील वर्षी हाती घ्यावा.