जाड ऑइल टाकलं की गाडीचं ऑइल खाणं थांबतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी ८०,००० किलोमीटर झाली, दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या १०,००० किलोमीटरमध्ये दीड-दोन लिटर ऑइल वरून घालावं लागतं, पुस्तकात ५डब्ल्यू-३० (ऑइलचा ग्रेड, म्हणजे दाटपणाचा नंबर) लिहिलंय, पण मिस्त्री म्हणतो २०डब्ल्यू-५० टाका, कोकणातल्या उकाड्याला तेच बरं. टाकू का, आणि कुठल्या कंपनीचं?

टाकू नका. कंपनीचं नंतर बघू.

‘आपल्याकडे उकडतं म्हणून जाड ऑइल’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण हे म्हणणारा माणूस आमच्याच घरात आहे. तात्या, माझे सख्खे काका. देवगड बंदरात त्यांचा ट्रॉलर आहे. सगळी हयात समुद्रात गेली, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन डोळे मिटून उघडतील आणि परत जोडतील. त्या बाबतीत त्यांच्या पायाशी बसून शिकावं. पण ट्रॉलरचं इंजिन वेगळं नि गाडीचं वेगळं, हे मात्र त्यांना आजतागायत पटवून घ्यायचं नाही.

माझी गाडी पेट्रोल हॅचबॅक, तुमच्यासारखीच ५डब्ल्यू-३० वाली. आमची आंब्याची थोडी कलमं आहेत. एप्रिल-मेमध्ये मागची सीट पाडायची, पेट्या भरायच्या आणि फोंडा घाटाने राधानगरीवरून कोल्हापूर गाठायचं, येताना रिकामी गाडी घेऊन उतरायचं. त्या मोसमात एकदा सहज डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. भरलं, पुन्हा खाली. मागे धूर नाही. गाडीखाली थेंब नाही. थेंबाचं असं आहे की आमच्या खळ्यात लाल माती, तिच्यात ऑइल पडलं तरी जिरून जातं आणि आपण म्हणतो गळती नाही. म्हणून पेटीचा पुठ्ठा रात्रभर इंजिनखाली पसरून ठेवला. सकाळी कोरडा. (तुम्ही किनाऱ्याला राहात असाल तर हे कराच. खाऱ्या हवेने पत्र्याचा संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) गंजतो आणि ड्रेन बोल्टच्या आसपास पाझरायला लागतो. वरून काही कळत नाही.)

मग जून आला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, तात्या दिवसभर घरी. रिकामे बसलेले तात्या म्हणजे घरातल्या प्रत्येक यंत्राला धोका. आधी विहिरीचा पंप झाला, मग मिक्सर, मग माझी गाडी. मी एसटीने कुडाळला गेलो होतो, परत येतो तर गाडीचं ऑइल बदललेलं. ट्रॉलरसाठी आणलेल्या कॅनमधलं चाळीस नंबर! काढलेलं जुनं ऑइल मला दाखवायला म्हणून बादलीत मुद्दाम ठेवलेलं. मी चपला काढायच्या आत तात्यांनी त्यात दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर चोळली आणि हात माझ्या नाकासमोर धरला.

“ह्या काय त्याल? ह्या तर पाणी. असला पातळ घातलंस तर इंजिन पितलाच.”

“तात्यानू, बोटान नाय कळाचा ता.”

“माका शिकवतस?”

शिकवायची माझी काय बिशाद. पण बोटाने खरंच कळत नाही, आणि तुमचा मिस्त्रीही बहुधा बोटानेच बघत असणार. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसवरचा असतो. तिथे ३० नंबरचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) भरतं, ४० नंबरचं १२.५ ते १६.३, आणि ५० नंबरचं त्याच्यावर २१.९ पर्यंत. इंजिन तापल्यावर ऑइल १००च्या आसपासच असतं, बाहेर मे महिन्यातलं देवगड असो की डिसेंबरातलं आंबोली. त्यासाठीच गाडीला थर्मोस्टॅट दिलेला असतो. बाहेर उकडतंय ते तुम्हाला, इंजिनाला नाही. पेट्या भरून एसी लावून घाट चढताना ऑइल आणखी तापतं हे खरं, पण पुस्तक लिहिणाऱ्यांनी ते धरलेलं असतं.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. इथे मिस्त्री लोक हसतात, म्हणतात आपल्याकडे कुठलं उणे? देवगडात १८ अंश झाले तरी माणसं कानटोप्या काढतात. बरोबर आहे. पण सकाळी तुम्ही चावी फिरवता तेव्हा ऑइल १०० अंशांवर नसतं, २५-३० वर असतं. ४० अंशांना साधारण ५डब्ल्यू-३० ऑइल ६०-६५ सेंटिस्टोक असतं, २०डब्ल्यू-५० असतं १५०च्या वर. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त दाट, आणि सकाळी त्याहून वाईट. सुरू केल्यावरचे पहिले काही क्षण ऑइल वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचायला जो वेळ लागतो, इंजिनाची झीज त्यातच जास्त होते.

तात्यांचा ट्रॉलर पहाटे एकदा सुरू होतो आणि दिवसभर एकाच चालीवर भकभकत राहतो. संपात डझन-दीड डझन लिटर ऑइल, आतल्या फटी मोठ्या, त्याला चाळीस नंबर अगदी चोख. माझी गाडी सकाळी दूध, मग शाळा, मग बाजार, मग बँक, प्रत्येक वेळी अर्धवट गार होऊन पुन्हा सुरू. आतले ऑइलचे मार्ग बारीक, व्हॉल्व्हचं टायमिंगसुद्धा ऑइलच्या दाबावर मागेपुढे होणारं. तिला ट्रॉलरचं ऑइल का म्हणून?

चाळीस नंबर घातल्यावर काय झालं ते सांगतो, कारण तात्यांनी जेट्टीवर त्यातली अर्धीच गोष्ट सांगितली आहे. सकाळी टॅपेटची (व्हॉल्व्हवरच्या भागांची) टकटक सुरू झाली, पूर्वी क्षणात थांबायची ती लांबायला लागली. अ‍ॅव्हरेज किंचित पडलं. आणि हो, ऑइल खाणं कमी झालं. आधी हजार किलोमीटरला अर्धा लिटर जायचं, ते साडेतीनशे-चारशे मिलिलिटरवर आलं. कमी झालं, थांबलं नाही. ज्या फटीतून पातळ ऑइल जातं त्याच फटीतून दाट ऑइल जरा सावकाश जातं, एवढाच त्याचा अर्थ. फट बुजलेली नसते. तात्यांनी मात्र विजय जाहीर केला.

मिस्त्रीचं निदान तोवर पिस्टनच्या रिंगांवर आलेलं: हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे इंजिन उघडून रिंगा बदलाव्या लागतील, म्हणाला. मी म्हटलं आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब, रिंगा गेल्या की तो पडतो) बघ. चारही सिलिंडरचं सारखं आणि चांगलं निघालं. मग एअर फिल्टरकडून येणारा मोठा पाइप काढला तर थ्रॉटलचं (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचं) तोंड आतून ओलं, बोट फिरवलं की काळपट ऑइल. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. चांगला व्हॉल्व्ह खुळखुळतो. हा मुका.

पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली संपात उतरतोच, तो बाहेर सोडायला लागतो. तात्यांच्या इंजिनाला त्यासाठी ब्रीदरचा उघडा पाइप आहे, त्यातून ऑइलचे थेंब होडीच्या तळाला गळत असतात. गाडीत प्रदूषण नको म्हणून तो वाफारा या व्हॉल्व्हमधून परत इंजिनालाच श्वासाबरोबर देतात. व्हॉल्व्ह उघडा अडकला की इंजिन वायूबरोबर ऑइलही ओढतं आणि जाळतं. सगळ्यात जास्त कधी ओढेल? गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर सोडून घाट उतरताना, कारण पेट्रोल इंजिनात त्या वेळी आत ओढ सर्वात जास्त असते. आंब्याच्या मोसमातच ऑइल का घटत होतं याचं उत्तर फोंड्याच्या उतारावर होतं, हवेतल्या उकाड्यात नव्हतं.

व्हॉल्व्ह काहीशे रुपयांचा. तो बदलला, पुन्हा ५डब्ल्यू-३० भरलं, आणि आता दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये डिपस्टिकवर बोटभरही फरक पडत नाही. तात्या काय म्हणतात? “एकदा दाट त्याल पिऊक घातलंय, तेव्हा ताळ्यार इला.” म्हणजे चाळीस नंबरने इंजिनाला वळण लावलं! गंमत म्हणजे हेच तात्या दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी ट्रॉलरच्या ब्रीदरची जाळी रॉकेलने धुऊन काढतात, खलाशाला करू देत नाहीत. ती चोंदली की सीलमधून ऑइल बाहेर मारतं हे त्यांना पक्कं माहीत आहे. मग माझ्या गाडीलाही ब्रीदर असू शकतो एवढं कबूल करायला काय जातं?

असो. तुमचं बघू. आधी नीट मोजा. डिपस्टिक सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. आपल्याकडची अर्धी खळी उतारावर, तिथे पुढचं चाक खाली असेल तर पट्टी काहीही सांगते. पेट्रोल पंपाच्या फरशीवर बघा. वरच्या खुणेपर्यंत भरा, हजार किलोमीटर चालवा, परत त्याच खुणेपर्यंत यायला किती लागलं ते कॅनच्या पट्टीवर वाचा. तुमच्याच आकड्यांनी हजाराला १५०-२०० मिलिलिटर होतात. ८०,००० झालेल्या गाडीसाठी यात घाबरण्यासारखं खरं तर काही नाही. काही युरोपीय कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटरसुद्धा चालेल असं पुस्तकात छापतात. ते वॉरंटीचे दावे टाळायला छापतात असं माझं मत, पण छापतात.

तेवढ्याने मन मानत नसेल तर पीसीव्ही आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग आधी बघा, स्वस्तातलं आहे. सकाळी सुरू करताना किंवा उतार संपून पाय दाबल्यावर निळ्या धुराचा एकच भपका येत असेल तर व्हॉल्व्ह सील. चढावर जोर लावताना सतत निळं येत असेल तर रिंगा. हे न बघता हाफ इंजिन म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट लोणी दिसलं म्हणून हेड गॅस्केट (पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग) गेलं असं लगेच समजू नका, जवळजवळच्या फेऱ्यांत आतली वाफ उडत नाही. एकदा तासभर सलग चालवून बघा. पाण्याची टाकी घटत असेल किंवा डिपस्टिकवरही दुधाळ दिसत असेल तर मात्र गडबड आहे. आणि डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका. तो दाब सांगतो, पातळी नाही. घाटातल्या वळणावर तो लुकलुकला म्हणजे उशीर झाला.

आता तात्या हे वाचणार नाहीत म्हणून लिहितो. जाड ऑइल नेहमीच चूक नसतं. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांना २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० चालायचंच. काही पुस्तकांत तापमानाचा तक्ता असतो आणि त्यात १०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० दिलेलं असतं. तुमच्यात असेल तर तुमचा मिस्त्री शुद्ध आहे, त्याला माझ्या शिव्या सांगू नका. आणि रिंगा खरोखर गेल्यात, इंजिन उघडायचे पैसे आत्ता नाहीत, तर एक पायरी वर, ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४०, घालून वर्ष काढता येतं. एक पायरी. एकदम २०डब्ल्यू-५० नाही. पुस्तक ०डब्ल्यू-२० म्हणत असेल तर आणखी जपून.

कंपनीचं विचारलंत. ग्रेड आणि पुस्तकात दिलेला एपीआय या संस्थेचा दर्जा, एसएन, एसपी जे काही असेल ते जुळलं की कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं घ्या. भीती भेसळीची आहे, ब्रँडची नाही. सील तुमच्यासमोर फोडायला लावा आणि रिकामा कॅन गॅरेजमध्ये ठेवू नका, त्यात काय भरून पुढे विकलं जाईल सांगता येत नाही. तात्या कॅन तिरका कापून होडीतलं पाणी उपसायला घेतात, हे त्यांचं मला शंभर टक्के मान्य आहे.

एक राहिलं. तुम्ही गाडी पेट्रोल की डिझेल ते लिहिलेलंच नाही, मी पेट्रोल धरून चाललोय. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल असेल आणि तिला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर वरचं बरंचसं सोडून द्या. तिथे कमी राखेचं ऑइलच लागतं, पुस्तकात एसीईए सी२ किंवा सी३ (ऑइलचा युरोपीय दर्जा) असं काहीतरी लिहिलेलं असेल. दुसरं घातलंत तर राख फिल्टरमध्ये साचत जाते आणि ती जाळूनही निघत नाही. अशा गाड्यांत जवळच्या फेऱ्यांनी डिझेल संपात उतरून ऑइलची पातळी उलट वाढतेही, तेव्हा पट्टीवर वरच्या खुणेच्या वर दिसलं तर खूश होऊ नका, बदलून टाका.