दोन्ही अर्ज पाठवू नका

प्रश्न : माझी मुलगी यंदा सहा कॉलेजांना अर्ज करते आहे. त्यांतली दोन कॉलेजं ऑनलाइन आणि छापील, दोन्ही अर्ज घेतात. तिचं अक्षर फार सुरेख आहे. हाताने लिहिलेला अर्ज वाचणाऱ्याच्या लक्षात राहील, असं मला वाटतं. ती म्हणते, ऑनलाइनच भरणार. खबरदारी म्हणून दोन्ही पाठवले तर चालतील का?
– एक वडील

सप्रेम नमस्कार.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. दोन्ही पाठवू नका. एकाच मुलीचे दोन अर्ज आले की कार्यालयात तिच्या नावाच्या दोन नोंदी होऊ शकतात. मग गुणपत्रिका एकीला जोडली जाते, शिफारसपत्र दुसरीला, आणि दोन्ही अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून पडून राहतात.

अक्षराबद्दल तुम्हाला काय वाटतं ते मला कळतं. पण कागदी अर्ज बहुतेक ठिकाणी स्कॅन होतो, नाहीतर त्यावरची माहिती कुणीतरी संगणकात भरतं. त्या भरण्यात नावाचं एक अक्षर चुकलं, तर चूक दुसऱ्याची असूनही निस्तरायची तुमच्या मुलीलाच. ऑनलाइन अर्जात ती स्वतः टाइप करते, स्वतः तपासते. म्हणून माझं मत तिच्या बाजूने आहे. कॉलेजने सही केलेली छापील प्रत मागितली असेल किंवा घरी इंटरनेटचा भरवसाच नसेल, तर मात्र कागदी अर्ज करा. तेव्हा पूर्ण अर्जाची झेरॉक्स आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. मुदतीच्या तारखेपर्यंत अर्ज ‘पोहोचला’ पाहिजे की त्या तारखेचा पोस्टाचा शिक्का चालतो, हे नियमात नीट वाचा. या एका शब्दावरून अर्ज बाद होतात.

कागदाचा एक गुण मात्र मला खरंच मोलाचा वाटतो. कागदावर खाडाखोड नको म्हणून माणूस सावकाश लिहितो, दोनदा वाचतो. पडद्यावर तो धीर राहत नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने निबंध दुसरीकडे लिहून पोर्टलवर चिकटवला होता. सबमिट करण्याआधी आम्ही प्रिव्ह्यू उघडला, तर शेवटचं वाक्य ‘आणि म्हणूनच मला’ इथेच तुटलेलं. शब्द मर्यादेत होते, पण तिथे मोजली जात होती अक्षरं, मोकळ्या जागांसकट. प्रिव्ह्यू पाहिला नसता, तर तो निबंध तसाच गेला असता. मुलीला सांगा, प्रिव्ह्यूची प्रिंट काढायची आणि हातात पेन घेऊन वाचायची. तुम्हीही वाचा. कागदावर तुमचा विश्वास आहे ना, तो इथे उपयोगी पडेल.

एकच अर्ज अनेक कॉलेजांना ही सोयसुद्धा मूळची कागदावरचीच. अमेरिकेत १५ कॉलेजांनी १९७५ साली ‘कॉमन ॲप्लिकेशन’ सुरू केलं, ते ऑनलाइन आलं १९९८ मध्ये. सोय चांगलीच आहे, पण एका कॉलेजसाठी लिहिलेला परिच्छेद दुसऱ्याला पाठवताना जुन्या कॉलेजचं नाव तसंच राहून जातं. सहा अर्ज असतील तर प्रत्येकात नाव शोधून पाहायला सांगा.

सबमिट केलं म्हणजे काम संपलं, असं मात्र मुळीच समजू नका. शुल्क खात्यातून गेलं आणि पावती आलीच नाही, असं होतं. अशा वेळी घाईने पुन्हा पैसे भरू नका. आधी पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहा, तिथेही उलगडा झाला नाही तर अर्ज क्रमांक देऊन कार्यालयाला लिहा. गुणपत्रिका आणि शिफारसपत्रं पुष्कळदा शाळेकडून वेगळी जातात. ती पोहोचली का, हे आठवड्याभराने मुलीने स्वतः पाहायचं. शेवटचा दिवस गाठू नका, त्या रात्री सगळेच पोर्टलवर असतात. कॉलेज दुसऱ्या देशात असेल, तर मुदतीची वेळ कुठल्या घड्याळाची, तेही पाहून ठेवा.

आणखी एक. अर्जात ईमेल तिचाच द्या, तुमचा नको. पुढची सगळी पत्रं त्यावर येतील, मुलाखतीचं बोलावणंही. निकाल लागेपर्यंत तिने तो रोज उघडावा, स्पॅमसकट.